उंदरांनी नेलेली कादंबरी

आमच्या घरातून एकदा उंदरांनी अख्खी कादंबरी नेली. निदान मोठ्या मायनं मला तसंच सांगितलं होतं. मोठी माय म्हणजे माझी आजी, आप्पांची आई.

मी तेव्हा आठवीत होतो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या खोलीत ‘ड’ वर्गाचं वाचनालय होतं, म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक डुगडुगतं टेबल आणि पेपर वाचायला येणारी चार-पाच म्हातारी माणसं. ग्रंथपालाची पिठाची गिरणी होती. वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडं असतं असं पाटीवर लिहिलेलं होतं, पण ज्याला पुस्तक हवं तो सरळ गिरणीवर जायचा. परत आलेली पुस्तकं तिथंच, डब्यांच्या रांगेशेजारी फळीवर पडलेली असायची. पान उलटलं की बोटांना पीठ लागायचं. पुस्तक गव्हाच्या दिवशी परत आलंय की बाजरीच्या, हे मला वासावरून कळायचं.

त्या फळीवर मला ते सापडलं. कव्हर गेलेलं, पहिली चार पानं गेलेली, मुलांसाठी संक्षिप्त केलेलं. आत छापलेलं नाव ‘डॉन क्विक्झोट’. आता मी किहोते म्हणतो, पण त्या वयात ते नाव उच्चारताच येत नव्हतं, आणि मोठ्यानं उच्चारायची वेळही येत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत ते पुस्तक घेऊन मी ओट्यावर बसलो तो उठेचना. कापूस वेचायला चल म्हटलं तरी नाही, गुरांना पाणी दाखव म्हटलं तरी ‘हो’ म्हणून तिथंच. मोठी माय येता-जाता एकच वाक्य टाकायची, “वाची वाची येडा व्हई जाशी.”

तिला ठाऊक नव्हतं की मी जे वाचत होतो ते नेमकं तेच होतं. स्पेनमधल्या एका खेड्यातला पन्नाशीचा, हडकुळा गृहस्थ. बरी शेती, घरात भाची आणि एक घरकाम बघणारी बाई. त्याला शूर सरदारांच्या कथा वाचायचा नाद लागतो. पुस्तकं घ्यायला तो पिकाऊ जमीन विकतो (हे वाक्य मी आप्पांसमोर कधीही वाचलं नाही), रात्र-रात्र वाचतो, त्याच्या मेंदूतला ओलावा आटतो आणि तो स्वतःच सरदार बनून बाहेर पडतो. मार खाऊन परत येतो. तो झोपलेला असताना गावचा पाद्री आणि न्हावी त्याची पुस्तकं जाळायला घेतात.

तिथपर्यंत मी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी माझंच पुस्तक नाहीसं झालं.

“उंदरं लई ग्यात,” मोठी माय म्हणाली. तिच्या तोंडाकडे बघून शंका यावी असं काही नव्हतं. मी पिंजरा लावला. भाकरीचा तुकडा, मग तेल लावलेला तुकडा, मग भज्याचा. आठ दिवसांत दोन चिचुंद्र्या आणि एक उंदीर मिळाला. घरातली सगळी बिळं मी काठीनं उकरली, त्यातलं एक मोरीच्या भिंतीतलं निघालं आणि आप्पांना ते सिमेंटनं बुजवावं लागलं. ग्रंथपालाला जाऊन सांगितलं की पुस्तक उंदरांनी नेलं. त्यांचा लगेच विश्वास बसला. गिरणीवाल्या माणसाला उंदरांबद्दल काहीही सांगा, पटतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, आत्या माहेरी यायच्या म्हणून ज्वारीची पत्र्याची कोठी रिकामी करून धुवायला काढली. तळाशी, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं पुस्तक. उंदीरच काय, एकही पोरकिडा त्याला लागला नव्हता. पान उघडलं तर कडू वास आला. मोठी माय जराही ओशाळली नाही. म्हणाली, “उंदरंस्नी परत आनी दिधं व्हई.”

पुढची पानं वाचली आणि मी कोठीशेजारी बसून एकटाच हसत सुटलो. कारण पुस्तकातही तेच होतं. पुस्तकं जाळल्यावर किहोतेच्या घरचे लोक त्या खोलीचं दारच भिंत घालून बुजवून टाकतात. दोन दिवसांनी तो उठतो, दार होतं तिथं हातांनी चाचपडतो, माझी खोली कुठाय म्हणून विचारतो. भाची सांगते, एक जादूगार ढगावरून सापावर बसून आला आणि सगळं घेऊन गेला. ती काहीतरी नाव ठोकून देते. ते नावसुद्धा तो दुरुस्त करतो, म्हणतो हा फ्रेस्तोन असणार, माझा जुना वैरी.

पूर्ण पुस्तक मी खूप पुढे, इंग्रजीतून वाचलं. पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. तेव्हा लक्षात आलं की ही नुसती गंमत नाही. पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावून गेल्यावर आणि आपटी खाल्ल्यावर किहोते त्याचा चाकर सांचो याला काय सांगतो? राक्षसच होते, पण ज्या फ्रेस्तोननं माझी पुस्तकं नेली त्यानंच त्यांच्या पवनचक्क्या केल्या. म्हणजे वेड उतरावं म्हणून घरच्यांनी जी थाप मारली, तिच्याच आधारावर वेड पुढे चालू राहिलं. पुस्तकांनी त्याला अर्धं वेड लावलं असेल, उरलेलं घरच्यांनी पुरवलं. मोरीच्या भिंतीचा तो सिमेंटचा गिलावा अजून आहे. साक्रीहून नंदुरबारकडे जाताना ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात, पांढऱ्या, उंच, तीन पात्यांच्या, डोंगराच्या कडेनं रांगेत उभ्या. एसटीतून त्या दिसल्या की मला आधी तो गिलावा आठवतो.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कथा-कादंबरीत कुणी वाचणारं पात्र भेटलं की मी बघतो, याला वाचू देतात का? बहुतेक वेळा नाही देत. ‘जेन एअर’ (१८४७) सुरू होते तीच दहा वर्षांची जेन खिडकीतल्या बैठकीवर, लाल पडद्याआड, पक्ष्यांचं पुस्तक घेऊन लपलेली असताना. मामेभाऊ तिला शोधून काढतो, तू आश्रित आहेस, आमच्या पुस्तकांना हात लावायचा नाही म्हणतो, आणि तेच पुस्तक तिला फेकून मारतो. तिचं डोकं फुटतं. कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेनं पहिल्याच प्रकरणात पुस्तकाचं हत्यार करावं, हे मला फार खरं वाटतं. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधली अमेरिकेतली छोटी स्काउट पहिल्या दिवशी शाळेत जाते तर बाई तिच्यावरच नाराज, कारण तिला आधीच वाचता येतं. वडिलांना सांग, आता शिकवू नका.

‘मादाम बोवारी’तल्या एम्माचं तर विचारूच नका. जोगिणींच्या मठात शिकत असताना कपडे शिवायला येणारी एक म्हातारी मुलींना ॲप्रनच्या खिशातून चोरून कादंबऱ्या आणून देते, तिथून सगळं सुरू. पुढे लग्नानंतर एम्मा उदास राहू लागते तेव्हा सासू निदान करते, हिला कामं नाहीत म्हणून ही थेरं, कादंबऱ्या बंद करा. आणि शहरातल्या वाचनालयाची तिची वर्गणी थांबवायचं ठरतं. ही सासू मला परकी वाटलीच नाही. ती आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहायची. गंमत अशी की कादंबऱ्या वाचून बाई बिघडली असं सांगणारी ही कादंबरी छापून आली, आणि ती वाचून लोक बिघडतील म्हणून तिच्यावरच १८५७ साली फ्रान्समध्ये खटला झाला. लेखक सुटला. एम्मा त्याआधीच मेली होती, पुस्तकात.

आपल्याकडचा श्याम तर यांच्याही पुढचा. वाचून मोठं होता येतं हे कळल्यावर तो पुस्तकांसाठी पाहुण्याचे पैसे चोरतो. ‘श्यामची आई’तल्या त्या रात्रीचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’. गोष्ट कोकणातली, पण साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, त्यामुळे आमच्या तालुक्यात श्याम आमचाच. शाळेत ही गोष्ट शिकवताना सगळा भर चोरीवर आणि आईवर असायचा. त्या पोराला पुस्तक एवढं का हवं होतं, हे एकाही गुरुजींनी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग उरतो गटणे. मराठीत वाचणाऱ्या पात्राचं नाव घ्या म्हटलं की दहातले नऊ जण सखाराम गटणेच म्हणतील. त्याला कुणी मारत नाही, त्याची पुस्तकं कुणी जाळत नाही. त्याला आपण हसतो. तो छापील मराठीत बोलतो, पुस्तकातलं सगळं जिभेवर आणतो, म्हणून. पंधराव्या वर्षी मी खूप हसलो होतो. आता तेवढं हसू येत नाही, कारण मधल्या काळात मी स्वतः एक वर्ष गटणे होतो, फक्त वेगळ्या पुस्तकाचा.

पुण्याला कॉलेजात गेलो आणि ‘कोसला’ हातात पडली. पुस्तक १९६३ चं, म्हणजे माझ्यापेक्षा जुनं, पण त्यातला पांडुरंग सांगवीकर आमच्याच जिल्ह्यातल्या यावल तालुक्याकडचा, पुण्यात येऊन हॉस्टेलवर राहिलेला, वडिलांच्या पैशावर. मला वाटलं, हे माझ्यावरच लिहिलंय. मी प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालू लागलो. हे माझ्याआधी अनेकांनी केलं होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. एकदा आप्पांना पत्र लिहिलं, की मेसचे वगैरे पैसे द्यायचे आहेत, पुस्तकं वगैरे घ्यायची आहेत, तरी उदाहरणार्थ पाचशे रुपये वगैरे पाठवावेत. आप्पांचं पोस्टकार्ड आलं. ख्यालीखुशाली, कापसाचा भाव, म्हैस व्याली. शेवटी एक ओळ: “पाचशे पाठवले आहेत. वगैरे म्हणजे किती ते कळव.”

ते कार्ड माझ्याकडे आहे. कोसलातच ठेवलंय.

तर बोलून दाखवणाऱ्या वाचकाला हसायचं आणि गप्प बसलेल्याला येडा म्हणायचं, असा हा न्याय. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं, ९७ वं. पुस्तकांच्या गाळ्यांत फिरत होतो. बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा एका गाळ्यासमोर उभ्या उभ्या पुस्तक वाचत होता. आई त्याच्या दंडाला धरून ओढत होती, “लेनं व्हई ते ले ना, तोंड मिटीसन काय वाची राह्यना?” तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि पिशव्यांत पुस्तकंच होती. तिचं भांडण पुस्तकाशी नव्हतंच. तोंड मिटण्याशी होतं.

मोठ्या मायचंही तसंच होतं हे मला कोठीत पुस्तक सापडलं त्याच वर्षी श्रावणात कळलं, पण कळलं हे कळायला पुढे वीस वर्षं लागली.

आमच्या गल्लीत श्रावणात पोथी लागायची. पांडवप्रताप. वाचणाऱ्या बाबांना त्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला धुळ्याला नेलं आणि पोथी खोळंबली. कुणीतरी म्हणालं, दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसतो तो पोऱ्या आहे ना. झालं. ज्या ओट्यावर मी येडा होत होतो त्याच ओट्यावर मला पाट मांडून बसवलं, कपाळाला बुक्का लावला, पुढे समई. निंदणीहून आलेल्या बाया हातपाय धुऊन यायच्या, तरी बोटं हिरवीच असायची. मांडीवर कापूस घेऊन वाती वळत ऐकायच्या. मी ओव्या म्हणायचो, अडलो की कुणीतरी मागून ओळ पुरी करायचं. ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्या माझ्या चुका काढायच्या! कर्णाच्या रथाचं चाक रुतलं त्या संध्याकाळी वाती वळायच्या थांबल्या होत्या. पुढे बंगालीतल्या ‘पथेर पांचाली’तला अपू भेटला, दुपारी आई काशीदासी महाभारत वाचते आणि तो कर्णासाठी रडतो, तेव्हा मला ते घर लगेच ओळखू आलं. तोच अपू नंतर वडिलांच्या पोथ्यांत वाचून गिधाडाचं अंडं मिळवतो, त्यात पारा भरून तोंडात धरलं की उडता येतं म्हणून. त्या अंड्याचं काय झालं ते इथं सांगत नाही. वाचा.

समाप्तीला मला टोपी, नारळ आणि अकरा रुपये मिळाले. ज्या पोराला दिवाळीत येडा म्हटलं त्याच्या श्रावणात म्हाताऱ्या बाया पाया पडल्या, तेही तसंच डोळे पुस्तकात घालून बसण्याबद्दल. फरक एवढाच, की आता जे पुस्तकात होतं ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

बहिणाबाई चौधरींची जळगावातल्या छापखान्यावर एक कविता आहे. त्यात त्या म्हणतात, माणूस आपला येडाच राहतो आणि कोरा कागद मात्र छापून शहाणा होतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, १९५१ ला त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कवितांचा कागद शहाणा झाला. त्यांचं माहेर आसोदा आमच्यापासून लांब नाही. त्यांची लेवा बोली आणि आमची अहिराणी, दोघींत फरक आहे, तरी तो टोमणा मला मोठ्या मायच्याच आवाजात ऐकू येतो.

आणि पूर्ण किहोते वाचताना बत्तिसाव्या प्रकरणाशी येऊन मी थांबलोच. संक्षिप्त पुस्तकात हे प्रकरण गाळलं होतं, मुलांना कंटाळा येईल म्हणून असेल. एका खाणावळीत पाद्री, न्हावी, सगळे जमलेत. पाद्री म्हणतो, सरदारांच्या कथांनी आमच्या माणसाचं डोकं फिरवलं. खाणावळवाल्याला ते पटत नाही. तो सांगतो, सुगीच्या दिवसांत सणाला कापणीवाले इथं येतात, त्यांच्यात एखादा वाचता येणारा असतोच, तो असलं एखादं पुस्तक उघडतो आणि आम्ही तीसच्या वर माणसं त्याच्याभोवती बसून ऐकतो, केस पांढरे व्हायचे थांबतात असं सुख. बायको म्हणते, मलाही बरं, तेवढा वेळ तरी हा भांडायचं विसरतो. मुलीला विरहातले सरदार आवडतात, मोलकरणीला संत्र्याच्या झाडाखालचं आलिंगन. खाणावळवाला तर सरळ विचारतो, सरकारी परवानगीनं छापलेलं खोटं कसं असेल? त्याच कथा, किहोतेनं एकट्यानं वाचल्या तर घरदार सुटलं. इथं तीस जणांनी ऐकल्या आणि सकाळी विळे घेऊन कामाला गेले. आणि ज्या पाद्रीनं पुस्तकं जाळली तोच मग एक हस्तलिखित उचलतो आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, एवढी लांब गोष्ट, की आपण वाचणारेच वैतागतो. (जाळताना तरी त्याला प्रत्येक पुस्तक ओळखीचं कसं होतं? सगळी वाचलेली होती त्यानं, लबाडानं.)

हे मी वाचलं तेव्हा मोठी माय नव्हती. असती तर तिला ते प्रकरण नक्की वाचून दाखवलं असतं, कारण बाकीचं तिनं ऐकलेलं होतं.

ते असं झालं. पोथी संपल्यावर दोन-तीन दिवस ओटा सुनासुना होता. तिसऱ्या दिवशी मी कडुनिंबाचा वास येणारं पुस्तक घेऊन बसलो, तर ती वातींचं ताट घेऊन समोर येऊन टेकली. म्हणाली, “जोरमा वाच.” मी म्हटलं, ही पोथी नाही. “माले माहीत शे. मीच ठेयेल व्हतं ना कोठीमा.”

पहिल्यांदा कबुली अशी आली.

पाऊण महिना लागला. किहोतेला ती काडीपैलवान म्हणायची. मेंढ्यांच्या कळपाला सैन्य समजून तो घुसला तेव्हा ती मेंढपाळाच्या बाजूनं होती, किती मेंढ्या मेल्या हे तिनं दोनदा विचारलं. सांचो तिला सुरुवातीपासून पसंत होता. रोज संध्याकाळी “मंग काय व्हयनं?” म्हणून ती बसायची आणि मी मुळात नसलेले संवाद घालून वाचायचो, अहिराणीतले. आमचा सांचो पक्का खान्देशी होता, त्याच्या गाठोड्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा.

शेवटी किहोते अंथरुणाला खिळतो. एका झोपेनंतर त्याचं वेड उतरतं. पुस्तकं खोटी होती म्हणतो, मृत्युपत्र करतो आणि त्यात भाचीला अट घालतो, की असली पुस्तकं वाचणाऱ्याशी लग्न केलंस तर काही मिळणार नाही. सांचो रडतो, उठा मालक, मरू नका, आपण मेंढपाळ होऊ. पण तो मरतो.

मोठी माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आते शहाणा व्हयना, आन लगेच मरी ग्या?”

“हां.”

“येडाच बरा व्हता.”

मी पुस्तक मिटलं. तिनं एक वात वळली, दुसरी घेतली आणि विचारलं, “त्याना घोडानं काय व्हयनं?”

मी शेवटची चार पानं पुन्हा चाळली. घोड्याचं काहीच नव्हतं. ती थांबली होती, कापूस बोटांत तसाच.

“सांचोना घर ग्या,” मी म्हटलं. “गधडासंगे ऱ्हास.”

“मंग ठीक शे,” म्हणाली, आणि वात पुरी केली.